सुहैली : मुंबईच्या सागवानाची साठ वर्षं

1997 साली इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात एक लहानशी लाकडी शिडाची नौका आणून ठेवली गेली. तिच्या मानाला साजेशीच जागा होती ती. एकट्या माणसानं, कुठल्याही बंदराला न लागता, निव्वळ शिडांच्या बळावर पृथ्वीभोवती घातलेली पहिली प्रदक्षिणा याच नौकेतून पूर्ण झाली होती. आता तिच्या डोक्यावर छप्पर होतं, भोवती नियंत्रित हवा होती. ना पाऊस, ना लाट. आणि तिथे तिच्या फळ्या आकसू लागल्या. तीस वर्षं खाऱ्या पाण्यानं फुगून एकमेकींना घट्ट धरून राहिलेल्या सागवानी फळ्यांचे सांधे उघडायला लागले. दक्षिण महासागराच्या लाटांना जे जमलं नव्हतं, ते कोरड्या हवेनं सुरू केलं. आपली नौका अशी वाळून मरताना पाहणं तिच्या मालकाला, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना, सोसलं नाही. 2002 मध्ये त्यांनी ती संग्रहालयातून बाहेर काढली आणि दुरुस्तीला घेतली.

या नौकेचं नाव सुहैली. इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला या नावानं ओळखतात. नाव आखातातलं असलं तरी नौकेचा जन्म आपल्या मुंबईतला, कुलाब्यातला. 19 डिसेंबर 1964 रोजी ती पाण्यात उतरली.

जुनी शिडाची नौका विकत घ्यायची, ती पुन्हा धडधाकट करायची, आत बिछाना, चूल, पाण्याच्या टाक्या बसवायच्या आणि तिच्यावरच राहायला जायचं, या ध्यासानं जगभरची माणसं आयुष्याची कमाई पणाला लावतात. पुण्यातही असे ध्यास घेणारे भेटतात. संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबवर वल्ही मारलेले, खडकवासल्याच्या पाण्यावर पहिल्यांदा शीड धरलेले. समुद्र इथून घाटापलीकडे आहे म्हणून त्यांची ओढ कमी होत नाही. त्यांनी नौकांची दुकानं आणि दरपत्रकं पाहण्याआधी सुहैलीचा इतिहास जाणून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. जुनी नौका कशानं टिकते याचं इतकं पूर्ण उदाहरण दुसरं मला माहीत नाही. सुहैली टिकली ती तिच्यात राहणाऱ्याला ती आतून-बाहेरून ठाऊक होती म्हणून, आणि तिचा कुठलाही भाग हाताशी असलेल्या हत्यारांनी उघडता, बदलता, पुन्हा बसवता येत होता म्हणून.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला रॉबिन ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या ‘द्वारका’ या जहाजावर अधिकारी होते. मुंबई ते आखात अशी त्या जहाजाची फेरी. त्यांनी आणि सोबतच्या अधिकाऱ्यांनी ठरवलं की मुंबईत स्वतःची नौका बांधून घ्यायची आणि तिच्यातूनच इंग्लंडला घरी जायचं. त्यांनी इंग्लंडमधल्या एका कंपनीकडे आराखडे मागितले. मनात होती एक नौका, हाती पडले दुसऱ्याच नौकेचे आराखडे, तेही जुन्या वळणाचे. अमेरिकन आरेखक विल्यम ॲटकिन यांनी 1920 च्या दशकात काढलेली ‘एरिक’ ही ती नौका. बदलून मागवायला वेळ नव्हता, म्हणून तीच बांधायला घेतली.

या आराखड्याची मुळं नॉर्वेत आहेत. कॉलिन आर्चर या नॉर्वेजियन नौकाकारानं वादळात सापडलेल्या मच्छीमारांना सोडवून आणण्यासाठी बचावनौका रचल्या होत्या. पुढून आणि मागूनही निमुळत्या, पोटात भरदार, आणि कणा नाळेपासून सुकाणूपर्यंत सलग. मागून चालून येणारी लाट सपाट पाठीवर आदळते तेव्हा नौका आडवी फिरण्याचा धोका असतो. टोकदार पाठ लाटेला दुभंगते. सलग लांब कण्यामुळे नौका वळायला आळशी होते, पण सुकाणू सोडून दिलं तरी बराच वेळ आपली वाट धरून राहते. शर्यतीच्या दृष्टीनं ‘एरिक’ जड आणि संथ. 1964 मध्येसुद्धा कुणी तिला वेगासाठी निवडलं नसतं. चुकून आलेल्या या आराखड्यानं पुढे एका माणसाचा जीव वाचवला.

तिची लांबी 32 फूट 5 इंच, म्हणजे आपल्या पीएमपीच्या मोठ्या बसपेक्षाही कमी. रुंदी 11 फूट 1 इंच, पाण्याखालची खोली साडेपाच फूट, डोलकाठ्या दोन. कणा, बरगड्या, बाहेरच्या फळ्या, डेक, सगळं सागवानी. हे लाकूड मुंबईच्या सुतारांनी वाकसानं तासलं, आणि भोकं पाडली ती दोरीनं फिरवायच्या सामत्यानं. विजेची यंत्रं इंग्लंड-अमेरिकेतल्या बोटयार्डांत केव्हाच रुळली होती. कुलाब्यात मात्र त्या कामातली अचूकता डोळ्यांत आणि मनगटात होती. याला मागासलेपण म्हणण्याची घाई करू नये. वाकसानं तासताना सुताराला लाकडाची रेषा कुठे वळते हे प्रत्येक घावाला कळतं, आणि बरगडीसाठी कुठला वाकडा सोट निवडायचा हे त्यावरच ठरतं. रेषा मोडून कापलेली बरगडी आज ताठ दिसते आणि वीस वर्षांनी तडकते.

या कौशल्यामागे मुंबईची जुनी परंपरा उभी होती. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले. त्यांच्या घराण्यानं पुढे दीडशे वर्षं इथल्या गोदीत जहाजं बांधली. ब्रिटिश नौदलानं मुंबईत बांधून घेतलेल्या युद्धनौकांपैकी एक, ‘ट्रिंकोमाली’, 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरली, आणि ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे पाण्यावर उभी आहे. ब्रिटनच्या अजून तरंगणाऱ्या युद्धनौकांमध्ये ती सर्वांत जुनी. तिच्याही आराखड्यांचा घोळ झाला होता, ते वाटेत हरवले. ते घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज 1812 मध्ये अमेरिकनांनी बुडवलं आणि दुसरे आराखडे पाठवावे लागले. तिची पुढची हकीकत तर आपल्या विषयाच्या अगदी जवळची. तिची नौदलातली कारकीर्द संपल्यावर 1897 मध्ये ती भंगारात जाण्यापासून वाचली, ‘फुद्रॉयाँ’ असं नवं नाव लावून आधी फाल्मथला आणि मग पोर्ट्समथला नांगरली गेली, आणि 1986 पर्यंत कोवळ्या वयाच्या मुलामुलींच्या तुकड्या तिच्यावर राहून नाविकविद्या शिकत होत्या. मग हार्टलपूलला नेऊन तिची पुनर्बांधणी झाली. ते काम 2001 मध्ये पुरं झालं.

सागवान इतकं का टिकतं? या लाकडात नैसर्गिक तेल असतं. ते पाण्याला, बुरशीला आणि कीडमुंगीला दूर ठेवतं. त्याहून मोठा गुण लोखंडाशी असलेल्या त्याच्या नात्यात आहे. इंग्लंडची जहाजं ओकची. ओकमधलं टॅनिक आम्ल लोखंडी खिळे-बोल्ट खात जातं आणि गंजणारा खिळा भोवतालचं लाकूड कुजवतो. सागवानातलं तेल उलट लोखंडाला जपतं. मुंबईत बांधलेली जहाजं ओकच्या जहाजांपेक्षा दीर्घायुषी ठरली त्यात या साध्या रसायनाचा मोठा वाटा आहे. सुहैलीतही लोखंडाचे जोड होते, आणि ती ओकची असती तर साठी गाठू शकली असती का, शंकाच आहे.

डिसेंबर 1965 मध्ये रॉबिन, त्यांचे भाऊ आणि एक मित्र मुंबईहून निघाले. पैसे संपल्यामुळे वाटेत दक्षिण आफ्रिकेत थांबून नोकरी करावी लागली, पण सुहैली इंग्लंडला पोचली. पुढच्या वर्षी संडे टाइम्स वृत्तपत्रानं गोल्डन ग्लोब शर्यत जाहीर केली : एकट्यानं, न थांबता, बाहेरची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा. रॉबिनना नवी, वेगवान नौका हवी होती, पण तिच्यासाठी कुणी पैसे देईना. घरी होती ती सुहैली. 14 जून 1968 रोजी ते फाल्मथहून निघाले आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, तिथेच परतले. निघालेल्या नऊ जणांपैकी पूर्ण फेरी करून परतलेले ते एकटे. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्यांनी याच शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्राउहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले.

प्रदक्षिणेचं साहस पुष्कळांनी सांगितलं आहे. मला त्या 312 दिवसांमधलं घर बघायचं आहे, कारण नौकेवर राहायला जाणाऱ्याच्या सगळ्या अडचणी तिथे एकवटल्या होत्या.

डब्यांतल्या अन्नापासूनच सुरुवात करू. समुद्रावर डब्यांवरचे कागद भिजून सुटतात आणि पंपाच्या नळीत अडकतात; नावेच्या तळाचं पाणी उपसणारा पंप बंद पडण्याचं हे नेहमीचं कारण. म्हणून कागद आधीच काढायचे, डब्यांवर रंगानं खुणा लिहायच्या आणि गंजू नये म्हणून वर वार्निश फिरवायचं. रॉबिननी हेच केलं. त्यांच्या नंतर दूरच्या प्रवासाला निघालेल्या कितीतरी लोकांनी हेच केलं आहे.

मग पाणी. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ एका वादळात सुहैली पार आडवी झाली, आणि त्यानंतर टाकीतलं गोडं पाणी बिघडल्याचं लक्षात आलं. बाजूला डब्यांत भरून ठेवलेलं पाणी आणि शिडावरून गोळा केलेला पाऊस, यावर पुढचा प्रवास झाला. म्हणूनच राहायच्या नौकेत पाण्याची एकच मोठी टाकी ठेवू नये. दोन-तीन टाक्या असाव्यात, त्यांच्या नळ्या वेगळ्या, आणि थोडं पाणी सुट्या डब्यांत. नव्यानं नौका सजवणारे या गोष्टीकडे सर्रास दुर्लक्ष करतात. गाद्यांच्या कापडाचा रंग ठरवण्यात त्यांचे आठवडे जातात.

त्याच वादळात केबिनचं छत डेकपासून सरकू लागलं आणि आतल्या लाकडात भेगा दिसल्या. केबिन फुटली असती तर पुढची लाट थेट घरात. रॉबिननी स्क्रू आणि बोल्ट मारून ती पुन्हा जखडली. सागवानाला नवा बोल्ट धरवता आला, कारण लाकूड आतून निरोगी होतं आणि मागे हात पोचत होता. आतल्या सजावटीनं ती जागा झाकून टाकली असती तर?

त्याही आधीची, अटलांटिकमध्ये केप व्हर्ड बेटांच्या आसपासची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. नावेत पाणी येत होतं. रॉबिननी बुडी मारून पाहिलं तर कण्याच्या लगतच्या सांध्याला दोन्ही बाजूंनी कित्येक फूट लांबीची फट पडलेली, आणि नौका डुलली की ती उघडझाप करत होती. बोटयार्डात हे काम नौका कोरडी करून करतात. इथे पाण्याखाली पाच फूट, श्वास रोखून. आधी सांध्यात कापसाची वात ठोकून पाहिली, ती राहीना. मग त्यांनी कॅनव्हासच्या दीड इंच रुंद पट्टीवर कापूस शिवला, पट्टीला डांबर चोपडलं, तांब्याचे लहान खिळे आधीच टोचून ठेवले आणि पाण्याखाली जाऊन एकेक खिळा ठोकत ती फटीवर बसवली. ती टिकावी म्हणून वरून तांब्याची पट्टी मारली. रेडिओ बसवणाऱ्यांनी नौकेवर सोडलेली ती उरलीसुरली पट्टी होती. पाण्यात गोरं अंग शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून काळे कपडे घालून उतरले होते. तरी एक शार्क आलाच, आणि त्याला गोळी घालावी लागली. एवढं झाल्यावर त्यांनी दुसरी बाजूही दुरुस्त केली.

चार्जिंगच्या इंजिनाचं असंच. स्पार्कची फट नेमकी ठेवायला लागणारी मापपट्टी त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी एका पुस्तकाची पानं मोजली. दोनशे पानं म्हणजे एक इंच. मग एक पान इंचाच्या हजारातले पाच भाग. हव्या तितक्या पानांची जाडी घेऊन फट लावली आणि इंजिन चाललं. रेडिओ अडीच महिन्यांत मुका झाला. वाऱ्यावर चालणारं सुकाणू यंत्र ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला कायमचं मोडलं. तिथे कामी आली ती लांब कण्याची आणि दोन डोलकाठ्यांची रचना. मागच्या-पुढच्या शिडांचा ताळमेळ साधून, सुकाणू बांधून टाकलं की सुहैली आपली आपण सरळ जात राहायची आणि रॉबिन झोप घ्यायचे. न्यूझीलंडच्या ओटॅगोजवळ नौका थोडा वेळ तळाला रुतली. तिथून निघाल्यावर साडेचार महिने जगाला त्यांचा ठावठिकाणा नव्हता.

शर्यत संपल्यावर सुहैली घरात शोभेची म्हणून राहिली नाही. 1989 मध्ये रॉबिन ॲस्ट्रोलेबसारख्या जुन्या साधनानं मार्ग काढत कोलंबसाच्या वाटेनं अटलांटिक ओलांडून गेले. 1991 मध्ये गिर्यारोहक क्रिस बॉनिंग्टन यांना घेऊन ग्रीनलंडला गेले. मग संग्रहालय, आणि त्यानंतर, माझ्या मते या नौकेच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा काळ : पुनर्बांधणीचा. रॉबिननी ती गॉस्पोर्टच्या बोटयार्डात ठेवली आणि सत्तरी ओलांडलेल्या वयात स्वतः हत्यारं घेऊन तिच्यावर वर्षानुवर्षं खपले. जून 2018 मध्ये, पहिल्या प्रस्थानाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, फाल्मथच्या पाण्यात सुहैली शिडं उभारून हजर होती. सुकाणूवर तेच होते, वय 79.

फळ्यांनी बांधलेली जुनी नौका दुरुस्त करण्याचं शास्त्र जगभर सारखंच आहे आणि ते चिकाटी मागतं. आधी नौका जमिनीवर अशी टेकवायची की तिचा सगळा भार कण्यावर येईल. बाजूचे टेकू नुसते तोल सांभाळायला. टेकू चुकले तर महिन्याभरात नौकेचा आकार बदलतो आणि मग फळी फळीला जुळत नाही. आतलं फर्निचर काढायचं, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालून. मग लहान हातोडी घेऊन नौकेभर ठोकत फिरायचं. निरोगी लाकूड खणखणतं, कुजलेलं थपथपतं. शंका आली की बारीक टोच्या घुसवून पाहायचा. कण्याला वजनाच्या लोखंडाशी धरून ठेवणारे बोल्ट एकेक करून बाहेर ओढायचे. वरून डोकं आणि खालून नट ठणठणीत दिसतात, आणि बोल्ट मधोमध, जिथे दोन थर मिळतात तिथे, झिजून बोटाएवढा उरलेला असतो. बाहेरून तपासून हे कधीही कळत नाही. जुनी नौका विकणारा ‘बोल्ट चांगले आहेत’ म्हणाला तर निदान दोन बोल्ट आपल्यासमोर काढायला लावावेत.

धातू निवडताना घाई करू नये. समुद्राच्या पाण्यात दोन वेगळे धातू जवळ आले की त्यांची विजेची घटमाळ तयार होते आणि त्यातला दुबळा धातू विरघळत जातो. लोखंडी खिळ्याशेजारी तांब्याचा खिळा मारणं म्हणजे लोखंडाला मारणं. पितळही फसवं, त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतो तो भुसभुशीत तांबूस गोळा. म्हणून पाण्याखालच्या जोडांना सिलिकॉन कांसं वापरतात, आणि वापरायचं तर पूर्ण भागात वापरायचं. बदलताना सगळे जोड एकदम काढत नाहीत. एक काढला, एक बसवला, मग दूरचा दुसरा; नौकेनं आपला आकार विसरता कामा नये.

सांधे शेवटी. जुना कापूस उकरून काढायचा, नवी सुती वात ठोकायची, वर लांबी भरायची. इथे उत्साह घातक असतो. कोरड्या फळ्यांच्या रुंद फटींत ठासून भरलं तर पाण्यात उतरल्यावर फळ्या फुगतात, त्यांना जागा उरत नाही आणि त्या बरगड्यांपासून सुटतात. म्हणून मुरलेले कारागीर फट थोडी अपुरी ठेवतात. नौका पाण्यात उतरवतात तेव्हा ती सुरुवातीला चाळणीसारखी गळते. पट्ट्यांत लटकवून, पंप चालू ठेवून, तिला दोन-चार दिवस पाणी पिऊ द्यायचं. लाकूड फुगतं आणि गळती आपोआप थांबते. संग्रहालयात सुहैलीचं नेमकं याच्या उलट झालं होतं.

सुहैलीचा वारसा आपल्याकडे परत आला तो एका मराठी माणसामुळे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत होते. भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांचा. नौदलातून कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. शिकायचं कुणाकडे, तर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे. 2006 मध्ये रॉबिन 67 वर्षांचे असताना पुन्हा एका एकल प्रदक्षिणेच्या शर्यतीला निघत होते; दोंदे त्यांच्या नौकेच्या तयारीत राबायला स्पेनला गेले. मग गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ उभी राहिली. लाकडाच्या पट्ट्या, वर काचतंतू आणि रेझिन, लांबी 56 फूट. बांधणीच्या काळात दोंदे तिथेच होते, म्हणून समुद्रावर एकटे असताना कुठला बोल्ट कुठे आहे हे त्यांना शोधावं लागलं नाही. ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात, चार बंदरांना थांबून, त्यांनी प्रदक्षिणा पूर्ण केली. पुढे याच म्हादेईतून अभिलाष टॉमी यांनी न थांबता प्रदक्षिणा केली. आवटी 2018 च्या नोव्हेंबरात गेले.

गोल्डन ग्लोब शर्यतीचा पन्नासावा वर्धापनदिन आला तेव्हा दांडेकरांच्याच गोदीत सुहैलीच्या आराखड्यावर ‘थुरिया’ बांधली गेली. ती घेऊन 2018 च्या शर्यतीत उतरलेले टॉमी हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात सापडले, डोलकाठी मोडली, पाठीचा कणा दुखावला, आणि एका फ्रेंच गस्ती जहाजानं त्यांना वाचवलं. थुरिया समुद्रातच सोडावी लागली. पण ते परत आले. 2022 च्या शर्यतीसाठी त्यांनी रस्लर 36 या वर्गातली एक जुनी नौका दुरुस्त करून घेतली आणि तिचं नाव ‘बयानत’ झालं. या शर्यतीचा नियमच असा की नौकेचा आराखडा 1988 च्या आधीचा हवा, कणा सलग लांब हवा, लांबी 32 ते 36 फूट. मार्ग काढायचा तो सेक्स्टंट आणि कागदी नकाशांवर. निघालेल्या सोळा जणांपैकी ठरल्या नियमांनी तिघेच परतले. किर्स्टन नॉयशेफर पहिल्या, टॉमी दुसरे. 29 एप्रिल 2023 रोजी, 236 दिवसांनी. वाटेत सुकाणू यंत्राचं पातं गेलं तेव्हा त्यांनी शौचालयाचं दार कापून नवं पातं केलं. दार प्लायवुडचं नसतं, एखाद्या साच्यातल्या पातळ प्लॅस्टिकचं असतं, तर त्या दिवशी कापायला काहीच नसतं.

पुण्याच्या वाचकाला या यादीत आणखी एक नाव आपलं वाटेल. भारतीय तुकडीची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा लष्कराच्या अभियंत्यांनी केली, आणि त्यांच्या दलाची मातृसंस्था म्हणजे आपलं दापोडीचं लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय. त्यांची ‘तृष्णा’ ही 37 फुटी, इंग्लंडमध्ये घेतलेली जुनी नौका होती. 28 सप्टेंबर 1985 रोजी ती मुंबईहून निघाली आणि 10 जानेवारी 1987 रोजी परतली. सव्वा वर्षाहून अधिक काळ, तेवढ्याशा जागेत, अधिकाऱ्यांची तुकडी पाळ्या लावून राहिली.

तृष्णेसारख्या काचतंतूच्या नौकाच आता बाजारात जास्त मिळतात, आणि पुण्यातून कुणी जुनी नौका घ्यायला निघालं तर त्याच्या वाटेला बहुधा अशीच येईल. फळ्या नाहीत म्हणून काळजी नाही असं समजू नये. पाणी बारीक वाटांनी काचतंतूत शिरतं आणि बाहेरून फोड दिसतात. डेकच्या दोन पापुद्र्यांमध्ये भरलेलं हलकं लाकूड एखाद्या सुट्या स्क्रूच्या भोकातून भिजतं आणि आतल्या आत त्याचा चोथा होतो. डेकवर चालताना पायाखाली मऊ लागलं की समजावं. डोलकाठीला धरणाऱ्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधतात त्या पट्ट्या डेकमधून आत जातात. डेकच्या जाडीत हवा पोचत नाही आणि नेमकं तिथेच न गंजणारं म्हणवलेलं पोलाद तडकतं. पट्टी पूर्ण बाहेर काढल्याशिवाय ते दिसत नाही.

आणि घर थाटताना. स्वयंपाकाला गॅस घेतला तर तो हवेपेक्षा जड असतो हे विसरू नये. गळला की नावेच्या तळाशी साठतो, आणि एका ठिणगीनं नौका फुटते. सिलिंडर डेकवर, ज्याचं भोक बाहेर समुद्राकडे उघडतं अशा कप्प्यात हवा. जुन्या पिढीचे दर्यावर्दी पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह का पसंत करत ते यावरून कळेल. स्टोव्ह नौकेबरोबर कलणाऱ्या आसावर झुलता बसवायचा. झोपायची जागा रुंद नको, अरुंद हवी, कडेला कापडाची आडवण बांधलेली, म्हणजे नौका कलली तरी माणूस पडत नाही. जड सामान, विशेषतः बॅटऱ्या, शक्य तितकं खाली आणि मधोमध, आणि नौका उलटली तरी हलणार नाही असं जखडलेलं. कोकणच्या पावसात बंद केबिनमध्ये गाद्यांखाली बुरशी येते. गादीखाली फटी असलेल्या फळ्या टाकल्या आणि केबिनला दोन टोकांना हवेच्या वाटा ठेवल्या तर राहणं सुसह्य होतं. सौरपत्रे हल्ली स्वस्त झाल्यानं रॉबिनचं ते पानं मोजून चालवलेलं इंजिन आता लागणार नाही, पण पत्र्यांची जोडणी खोलून पुन्हा जोडायला मालकाला आलीच पाहिजे.

नौका पाहायला जाताना विजेरी, लहान हातोडी आणि जुने कपडे घेऊन जावं. आतल्या जमिनीची प्रत्येक फळी उचलावी. नौकेच्या पोटाला जितकी भोकं पाडलेली असतात, म्हणजे शौचालयाचं, इंजिनाच्या पाण्याचं, मोरीचं, त्या प्रत्येकावरच्या कॉकपर्यंत आडवं पडून स्वतःचा हात पोचतो का ते करून पाहावं. कॉक उघडून बंद करावा. जिथे एखाद्या सुरेख कपाटामुळे हात पोचत नसेल, तिथे घर थाटण्याच्या कामाची सुरुवात ते कपाट काढण्यापासून करावी.